पहिल्या पेशंटची दाढ

वाडी अदाई, मस्कत
२८ मे २०१४

डॉक्टरीणबाई आकांक्षा हिला तिच्या पहिल्यावहिल्या पेशंटकडून भरघोस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो हे तुला नयनामामीकडून कळलंच असेल. मी फोनवर एक वाक्य बोललो की ती स्पीकर लावते आणि मग अख्खी वाडी ऐकते. म्हणून आपलं पत्रच बरं. तू दुसरीत होतीस तेव्हापासून आपण एकमेकांना लिहितोय. आता तू दातांची डॉक्टर झालीस म्हणून त्यात खंड पडायचं कारण नाही.

विमानात शेजारच्याने विचारलं, गाल सुजलाय का हो? मी म्हटलं, गाल बधिर आहे, आजच भाचीच्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. त्या बिचाऱ्याने सरळ पेपर उघडला. आम्हा आखातातल्या लोकांची सुट्टी ही अशीच. महिनाभर लग्नं, बारशी, घराची कौलं, आणि स्वतःचे दात-डोळे दाखवायचे ते बॅग भरता भरता शेवटच्या दिवशी. त्यात तुझ्या बाबांचा हट्ट. माझ्या दाढेची कॅप तयार होऊन सोमवारी आली होती, पण अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावरच बसवायची म्हणून शुक्रवारपर्यंत डबीत ठेवली. पण काय थाट होता! नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पंधरा-वीस नातेवाईक खुर्चीभोवती उभे. तू विचारलंस, मामा, चावून बघ, उंच लागतेय का? मी म्हटलं, फर्स्ट क्लास. टाळ्या पडल्या. दाढ बसवल्यावर टाळ्या मिळालेला मी जिल्ह्यातला पहिलाच असेन.

इथे उन्हाळा पेटलाय. पावणेसहाला मजीदची बस खाली येऊन हॉर्न मारते. मजीद म्हणजे आमचा ड्रायव्हर, बलुची, पण त्याचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे. साडेसहाला रुसैलच्या कारखान्यात पोचतो आणि मी आपला शिडी चढून क्रेनच्या केबिनमध्ये बसतो. खाली लोखंडी पाइपांचे भारे, वर मी. एकोणीस वर्षं झाली, मला जग वरूनच बघायची सवय. वरून टकलं दिसतात आणि कोण काम टाळतोय तेही दिसतं.

दाढ उत्तम. डोकं जरा धरतं, पण ते उन्हाचं. मानही दुखते, पण खाली बघायचं काम असलेल्याची मान दुखायचीच. दवाखान्याचं लिही.

तुझा,
एकनाथमामा


कणकवली
२२ जून २०१४

प्रिय मामा,

पाया पडते, पण आधी तोंड उघड.

तू जायच्या दिवशी संध्याकाळी बाजारातून ओठ फाकवून फिरलास, त्याचा परिणाम म्हणजे आतापर्यंत माझे अकरा पेशंट झाले. बाबांचं तुला माहीतच आहे. मुलीच्या हातात कोण दाढ देणार, असं ते वर्षभर म्हणत होते. आता दुकानात गिऱ्हाइकाला खिळे मोजून देतानासुद्धा सांगतात, आमच्या एकनाथाची दाढ आकांक्षानेच बसवली, तिकडे मस्कतला तो हाडं फोडतो तिने. परवा एका आजोबांनी मला विचारलं, तुमचे मामा खरंच हाडं फोडतात का? मी म्हटलं, हो.

गंमत सोड. मला एक खरं सांग. तोंड मिटताना ती उजवीकडची खालची दाढ बाकीच्यांच्या आधी टेकते का? तिला थंड झोंबत होतं म्हणून मी तुला इंजेक्शन दिलं होतं. बधिर तोंडाला उंच-सखल कळत नाही. कॉलेजात आम्हाला सांगायचे, कॅप बसवली की पेशंटला दोन दिवसांनी परत बोलवा. तुला कुठून बोलावणार, तू तोवर समुद्रापलीकडे. ते एक मनात राहून गेलंय. काही असेल तर लिही, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण तू लिही.

इथे पाऊस आणि चिखल. खुर्चीवर मामीने विणलेलं आसन घातलंय, ते दर पेशंटनंतर काढून धुवावं लागतं, पण तिला सांगायची हिंमत नाही.

तुझी,
आकांक्षा


वाडी अदाई, मस्कत
३ ऑगस्ट २०१४

बाई आकांक्षा,

दाढ एकदम फर्स्ट क्लास. त्या आजोबांना सांग, मामा हाडं फोडतात आणि वर मज्जाही चोखतात.

ईद झाली. मजीदने घरी जेवायला नेलं. त्यांच्याकडे मांस मसाला लावून जमिनीतल्या भट्टीत एक-दोन दिवस पुरून ठेवतात, त्याला शुवा म्हणतात. बाहेर काढलं की हाडापासून आपोआप सुटतं, चावायची गरजच पडत नाही. आणि हलवा! आपला नव्हे, इथला, केशर-गुलाबाचा, चिकट आणि तुपाने ओथंबलेला. जिभेवर ठेवला की झालं. मजीदने एक मोठा डबा माझ्याबरोबर दिला. मला आवडतो हे कळल्यापासून तो दर आठवड्याला एक आणतो. अर्बाब, म्हणजे मालक, खा, म्हणतो. मी कुणाचा अर्बाब नाही, पण हलव्यापुरता होतो.

आता एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. सुट्टीत गावी जाऊन त्याने दाढेवर कॅप बसवून घेतली. आता त्याचं म्हणणं असं की तोंड मिटलं की ती एकच दाढ आधी आपटते. सकाळी उठतो तेव्हा जबडा दमलेला असतो, रात्रभर कुणाशी भांडल्यासारखा. कानशील ठणकतं. कान दुखतो, पण कानात काही नाही. झोप तीन-तीनदा मोडते. त्याचा खोलीतला सोबती देवगडचा धनंजय, त्याने त्याला एका सकाळी विचारलं, "रे, झोपेत चणे चावतंस काय?" आता हा माणूस एका बाजूनेच खातो, आणि तेही मऊच. खुबूस, म्हणजे इथली रोटी, चहात बुडवून, केळी, असलं काहीतरी. याने काही बिघडतं का गं? मी त्याला म्हटलं, आमची भाची डॉक्टर आहे, विचारतो.

आमची लेक साई बारावीला बसलीय, तिला जरा अभ्यासाचं बोल. माझं ती ऐकते आणि तुझं मानते.

मामा


कणकवली
७ सप्टेंबर २०१४

प्रिय मामा,

तुझ्या मित्राचं पत्र (म्हणजे तुझंच, पण त्याच्याबद्दलचं) अगदी वेळेवर आलं. मी नुकतीच कोल्हापूरला दोन दिवसांची कार्यशाळा करून आले आणि विषय हाच होता, चावा आणि शरीर. व्याख्याते मोठे टायवाले. त्यांच्या मते दात नीट जुळले नाहीत की डोकेदुखी, पाठदुखी, मधुमेह, तापट स्वभाव, सपाट तळपाय, सगळं त्यातूनच येतं. मी लगेच बाबांचे दात डोळ्यांसमोर आणले. जेवणाच्या सुट्टीत आमच्या सरांना गाठून विचारलं, हे कितपत खरं? सर म्हणाले, अर्ध्याला पुरावा आहे, थोडं शक्य आहे, बाकीचं टायबरोबर येतं.

पुराव्यातलं तेवढं तुझ्या मित्राला सांग. दाढेच्या मुळाभोवती एक तलम पडदा असतो आणि त्यात नसा असतात. घासात केस आला तर कसा लगेच कळतो, तेवढा बारीक फरकसुद्धा या नसा मेंदूला कळवतात. एक दाढ जरा उंच राहिली की मेंदू जबड्याला सांगतो, तिथे नको टेकू, बाजूने जा. मग जबड्याचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात. कानशील, कान, मान, सगळी एकाच स्नायूंच्या घरची मंडळी, ती दुखायला लागतात. झोप मोडते. झोप मोडत राहिली की भूक वाढते आणि रक्तातली साखर नीट आवरत नाही. त्यात हा चावायला नको म्हणून मऊ आणि गोड खात सुटतो. दाढ काही साखर बनवत नाही, मामा, पण साखर वाढायची सगळी सोय करून देते. त्याला म्हणावं, तिथल्या दातांच्या डॉक्टरकडे जा. निळा कागद चावायला देतील, जिथे ठसा गडद उमटेल तिथे किंचित घासतील, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि ज्याने ती कॅप बसवली त्या महाभागाला माझ्याकडून सांग, कॅप चिकटवून हात झटकायचे नसतात.

माझी गणपतीत धांदल उडाली. मुंबई-पुण्याचे सगळे आलेले, सगळ्यांना विसर्जनाच्या आत दात हवे. चार दिवसांत तिघांच्या कॅप बसवल्या. पूर्वी मी नाही म्हटलं असतं. पण तू शेवटच्या दिवशी कॅप घेऊन गेलास आणि चार महिने कसली तक्रार नाही, त्यामुळे मला धीर आला. आता घाईतल्यांना परत पाठवत नाही.

तुझी,
आकांक्षा


वाडी अदाई, मस्कत
१९ ऑक्टोबर २०१४

बाई आकांक्षा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मित्रालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुमची भाची हुशार आहे, पण त्या डॉक्टरला महाभाग म्हणाली ते काही बरोबर नाही. तो डॉक्टर चांगला आहे, नवा आहे, त्याचा जम बसायचाय. इथल्या डॉक्टरकडे गेलो तर तो तोंडात बघून नाक मुरडणार, कुणी केलंय हे, म्हणून विचारणार, आणि हे याला ऐकवणार नाही. म्हणून तो जात नाही. मी तरी काय सांगणार.

तुझ्या घाईतल्या तिघांचं वाचलं. जरा जपून कर, एवढंच म्हणतो.

माझी एक बातमी आहे. मामीला कळू देऊ नकोस. कंपनीची वार्षिक तपासणी झाली. साखर वाढलेली निघाली, बीपीही वर. डॉक्टरने विचारलं, चक्कर येते का? मी म्हटलं नाही, तर म्हणाला, डोळे तर झोप न झालेल्या माणसाचे दिसतात. क्रेनवरून मला उतरवलंय. जानेवारीअखेर पुन्हा तपासणी. तोवर साखर खाली आली नाही तर क्रेनचं कार्ड रद्द. माझा व्हिसा ऑपरेटरचा आहे. कार्ड गेलं की मस्कत खलास. साईचं कॉलेज अजून सुरूही झालेलं नाही.

सध्या स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट देतो. एकोणीस वर्षं ज्यांची टकलं बघितली त्यांचे चेहरे आता समोरून बघावे लागतात. मला इथे अजिबात करमत नाही. वर माझ्या जागी एक नवा बसलाय, भारा उचलताना झोके देतो. खाली उभा राहून ते बघवत नाही.

एक विचारतो, उगाच. त्या मित्राची दाढ सात महिन्यांत माणसाला इतकं खाली आणू शकते का?

मामा


कणकवली
४ नोव्हेंबर २०१४

मामा,

आज पाया पडत नाही.

दिवाळीला रुचिर आला होता, पुण्याचा, गणपतीतल्या तिघांमधला. आत आल्या आल्या म्हणाला, "तुझी कॅप उंच आहे. दीड महिना मी कानाच्या डॉक्टरकडे फेऱ्या मारतोय." मी निळा कागद दिला, ठसा नेमका कॅपवरच गडद उमटला. दहा मिनिटांत घासून दिलं. तो चावून बघत म्हणाला, आता बरं वाटतंय, आणि बाकरवडी खात निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिघांमधली दुसरी आली. तिचंही तेच. तिसरा नाशिकला आहे, त्याला फोन करून बोलावलंय.

रुचिरने तोंडावर सांगितलं म्हणून तो सुटला. त्या संध्याकाळी मी तुझी सगळी पत्रं काढून बसले. कोकणातला, सुट्टीत कॅप बसवलेला, वाडी अदाईत देवगडच्या धनंजयबरोबर राहणारा माणूस. त्या खोलीत तुम्ही दोघंच असता, मामा. आणि शेवटी तर तू स्वतःच लिहिलंस, सात महिने. मे ते ऑक्टोबर सहा होतात, पण दुखणाऱ्याला एखादा जास्त वाटतो.

मला तुझा राग आलाय. दुखतंय हे लपवलंस म्हणून नाही. मी जूनमध्ये विचारलं होतं, आधी टेकते का, आणि तू लिहिलंस फर्स्ट क्लास. त्या फर्स्ट क्लासच्या भरवशावर मी तीन माणसांची तोंडं बिघडवली. तुझ्या दाढेला मी माझा दाखला मानत होते. तू मला जपलंस आणि त्याची किंमत त्या तिघांनी मोजली.

आणि तुझी नोकरी. मामा, हलवा तू खाल्लास ते तू आवर. पण कॅप माझी आहे. या आठवड्यात डॉक्टरकडे जा. ते काय म्हणतील ते शब्दन् शब्द मला लिही, नाक मुरडलं तर किती मुरडलं तेसुद्धा.

आकांक्षा


वाडी अदाई, मस्कत
३० नोव्हेंबर २०१४

आकांक्षा,

तोंड उघडतो.

तो मित्र मीच. पहिल्याच आठवड्यात, बधिरपणा उतरल्यावर कळलं की दाढ आपटतेय. पण डोळ्यांसमोर तू होतीस, टाळ्या पडताना लाल झालेली, आणि तुझे बाबा, पेढ्याचा डबा धरून. मी म्हटलं, एक दाढ काय, सवय होईल. सवय काही झाली नाही. मग जितके महिने गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. तुझं गणपतीचं पत्र वाचलं तेव्हा तरी लिहायला हवं होतं. लेखणी हातात घेऊनही मी जपून कर एवढंच लिहिलं. त्या तिघांचं दुखणं माझ्या डोक्यावर आहे, ते मला मान्य आहे.

मजीदने मागच्या शनिवारी अल् घुब्राला नेलं. डॉक्टर रहिमा म्हणून आहेत, ओमानी बाई, पन्नाशीच्या, हिंदी बोलतात. बाहेर शाळेतली मुलं आयांबरोबर तारा बसवायला आलेली, मधे मी एकटा मोठा, अंगावर कंपनीचा शर्ट. खुर्चीत बसताना मी मनात भांडणाची तयारी करून बसलो होतो. तुला एक शब्द बोलल्या असत्या तर उठून चालता झालो असतो.

निळा कागद चावायला दिला. बघितलं. आरसा घालून कॅप पुन्हा पुन्हा बघितली, आणि विचारलं, कुणी केलीय? मी म्हटलं, भाचीने, तिची पहिली. त्या म्हणाल्या, कडा बघा, हिरडीपाशी कुठे फट नाही, काम सुंदर आहे. मी फुगलो. मग म्हणाल्या, फक्त चावा चुकलाय, आणि तो दोन दिवसांनी कळला असता. सात महिने का थांबलात? मी सगळं सांगितलं, मुहूर्त, टाळ्या, तुझे बाबा. त्यांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं.

"आप ने उस को बताया नहीं?" त्यांनी विचारलं. "तो फिर वो सीखेगी कैसे?"

आकांक्षा, मी छताकडे बघत बसलो.

घासायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तोंड मिटलं तर सगळे दात एकदम भेटले. मला रडू आलं, ते मी दाताचं म्हणून खपवलं. शुगरचं विचारलं तर त्या म्हणाल्या, शुगर का इल्जाम दाँत पर मत डालो, हलवा आप ने खाया है. झोप सुधारेल, चावून जेवाल, त्याचा फायदा होईल, पण बाकीचं तुमच्या हातात. म्हणजे तुझ्या सरांचंच म्हणणं, फक्त टाय नव्हता.

त्या रात्री मी आडवा झालो तो थेट सकाळीच उठलो. धनंजय सकाळी उशाशी उभा होता. आवाज नाही म्हणून घाबरून मी श्वास घेतोय का ते बघत होता. डोकं अजून पूर्ण सुटलेलं नाही, हळूहळू सुटेल असं त्या म्हणाल्या. हलव्याचा डबा मजीदला परत दिला. तो दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी काकड्या घेऊन आला.

तुझा राग आहे तेवढा राहू दे. पण दवाखाना बंद करायचं वगैरे मनात आणू नकोस. तू तसं लिहिलं नाहीस, पण मी तुला ओळखतो.

मामा


कणकवली
२१ डिसेंबर २०१४

प्रिय मामा,

पाया पडते.

मनात आणलं होतं. आठवडाभर सरांच्या दवाखान्यात नोकरी धरायचं ठरवत होते. बाबांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, मुहूर्त मी धरला होता, दवाखाना तू का बंद करतेस? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चूक स्वतःची म्हटली, आणि मग दिवसभर दुकानात खिळे मोजत बसले. त्यांना मी चहा नेऊन दिला तेव्हा फक्त विचारलं, एकनाथाचं डोकं दुखायचं थांबलं का?

तिसरा नाशिकवाला येऊन गेला. त्याचंही उंच होतं, पण थोडं. चौथा तू. चारांत चार, मामा. म्हणजे चूक माणसांची नव्हती, माझ्या पद्धतीची होती. आता मी बधिर तोंडात चावा ठरवत नाही. ज्याचं तिकीट आठवड्याच्या आत आहे त्याची कॅप बसवत नाही. तात्पुरती देते आणि पुढच्या सुट्टीला या म्हणते. दोघे चिडून गेले. जाऊ देत.

डॉक्टर रहिमांना मी पत्र लिहिलंय, इंग्रजीत, तीनदा खोडून. कडा चांगल्या म्हणाल्या ते वाक्य मात्र मी कुणालाच दाखवलं नाही. ते मी स्वतःसाठी ठेवलं.

जानेवारीची तपासणी. तुझ्यापेक्षा मलाच जास्त धाकधूक आहे. तुझं कार्ड गेलं तर ती कॅप माझ्या जन्मभर लक्षात राहील. चाल, झोप, भाकरी चावून खा, आणि निकाल काहीही लागला तरी मला आधी कळव. मामीच्या आधी.

तुझी,
आकांक्षा


वाडी अदाई, मस्कत
२७ फेब्रुवारी २०१५

बाई आकांक्षा,

तुला आधी कळवतोय, मामीला रात्री फोन करणार आहे.

जानेवारीत साखर उतरली होती, पण पुरेशी नाही. कंपनीच्या डॉक्टरने मान हलवली आणि आणखी चार आठवडे दिले. तेव्हा मी तुला लिहिलं नाही, पण तो निकाल काय होता हे आता लिहितोय, लपवत नाही. ते चार आठवडे मी रोज संध्याकाळी वाडी अदाईच्या डोंगराकडेने तासभर चाललो. धनंजय बरोबर यायचा आणि वाटभर कुरकुरायचा. भाकरी, चणे, काकड्या, सगळं दोन्ही बाजूंनी चावून. काल निकाल आला. साखर हद्दीत, बीपी औषधावर ठीक. डॉक्टरने कार्डावर शिक्का मारला.

आज सकाळी शिडी चढलो. वर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं मी नुसता बसून राहिलो. खालून फोरमन ओरडला, यल्ला एकनाथ, तेव्हा लीव्हर ओढला. भारा सरळ उचलला, जराही झोका नाही. दुपारी खाली बघितलं तर मजीद दारात उभा राहून वर हात करत होता.

आता ऐक. तुझी कॅप उजवीकडे छान बसलीय. पण त्या सात महिन्यांत सगळा भार डावीकडे गेला आणि डावीकडची वरची दाढ तडकलीय. डॉक्टर रहिमांनी फोटो काढून दाखवलं. म्हणाल्या, हिलाही कॅप लागेल, पुढच्या शनिवारी या, मी बसवते. बाई चांगल्या आहेत, हात हलका आहे, मला त्यांची भीती वाटत नाही.

मी नाही म्हटलं. आमची डॉक्टर गावी आहे, असं सांगितलं. त्या हसल्या आणि तुझ्यासाठी तडकलेल्या दाढेचं माप एका डबीत घालून दिलं, प्रवासात सांभाळा म्हणाल्या.

एप्रिलच्या चौदाला येतोय, तीन आठवड्यांसाठी. विमानतळावरून घरी बॅग टाकतो आणि तसाच तुझ्याकडे येतो. बाबांना पंचांग उघडू देऊ नकोस. नातेवाईकांना पेढे घरी खाऊ दे. तू काम कर, दोन दिवसांनी मला परत बोलाव, आणि विचार, मामा, उंच लागतेय का? मी तीनदा चावून बघीन, आणि लागत असेल तर लागतेय म्हणून सांगीन.

तुझा पेशंट,
मामा